जड चाक

थोरलीने सीटवरून अर्धं उठून स्टिअरिंगला दोन्ही हातांनी कवळ घातली आणि सगळं अंग डावीकडे टाकलं. चाक हललं नाही. तिने दात आवळले, उजवा पाय लोखंडी पायरीवर रोवला आणि पुन्हा जोर केला, तेव्हा कुठे पुढची चाकं कुरकुरत वळायला लागली. कुंपणाच्या तारेला नाक लावून ट्रॅक्टर वळला. तिने नांगर पुन्हा जमिनीत सोडला आणि धपकन सीटवर बसली. बसता बसता खांद्यातून कळ निघाली ती थेट बोटांच्या टोकांपर्यंत गेली. तिने एक सणसणीत शिवी हासडली. आसपास ऐकायला कोणी नव्हतं. शेतात एकटीने काम करण्यातलं तेवढं एक सुख होतं.

ट्रॅक्टर फार जुना होता. घरातले सगळे त्याला रेडा म्हणत. पॉवर स्टिअरिंग नावाची गोष्ट त्याच्या जन्माच्या वेळी त्या कारखान्याला ठाऊकच नसावी. पुढची चाकं वळवायची तर त्यासाठी लागणारा जोर चालवणाऱ्याने आपल्या दंडातून, खांद्यातून आणि पाठीतून काढायचा. सरळ रेषेत रेडा निमूट चालायचा. पण शेत कितीही लांब असलं तरी त्याला शेवट असतोच, शेवटाला वळण असतंच, आणि प्रत्येक वळणावर त्याच्याशी कुस्ती.

या रेड्यावरच तिच्या नवऱ्याची, थोरल्याची, पाठ गेली होती. कण्यातली चकती सरकली, कित्येक महिने तो फळीवर उताणा पडून राहिला आणि उठला तो कायमचा कमरेत वाकून. पेरणी तोंडावर होती. धाकट्या दिराने दोन दिवस रेडा चालवून पाहिला, तिसऱ्या दिवशी मनगटाला फडकं गुंडाळून घरी बसला आणि म्हणाला, "मी आपला बाहेरचं बघतो." बाहेरचं म्हणजे बाजार, दुकानं, चार लोकांशी बोलणं आणि त्या चार लोकांबरोबर चहा. आतलं म्हणजे उरलेलं सगळं. त्या संध्याकाळी थोरली रेड्यावर चढली. म्हणाली, "मी बघते जमतं का." तेव्हा ती तिशीत होती. आता पन्नाशी ओलांडली होती आणि अजून ती बघतच होती.

तिचे खांदे पुरुषासारखे रुंद झाले होते आणि आतून कुजल्यासारखे दुखत होते. उजवा हात कानाच्या वर जाईना. वेणी घालता येईना म्हणून गेल्या वर्षी तिने केस मानेपर्यंत कापून टाकले. बायका आडून हसल्या. कोणी विचारलं तर ती म्हणे, "उकडतं." सदऱ्याच्या बाहीत हात घालायला धाकटी जाऊ मदत करायची. तीही काही बोलायची नाही, नुसती बाही धरून उभी राहायची.

दोन महिन्यांपूर्वी थोरला तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला होता. बाईंनी हात वर केला, मागे नेला, दाबला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

"काय काम करता?"

"ट्रॅक्टर चालवते."

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं. "म्हणजे हे चालवतात?"

"हे बसून असतात," थोरली म्हणाली. "मी चालवते."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि तेव्हापासून थोरल्याकडे बघितलंच नाही. स्नायू झिजून धाग्यावर आलाय, त्या म्हणाल्या. ते स्टिअरिंग सोडा, नाहीतर हात सोडावा लागेल.

त्या दिवशी घरी आल्यावर थोरलीने चुलीपाशी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की नवा ट्रॅक्टर घ्यायचा आणि तो पॉवर स्टिअरिंगचाच घ्यायचा. या घरात काही घ्यायचं म्हणून तिने तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. धाकटा म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे." तिला बरं वाटलं होतं.

आज तो नवा ट्रॅक्टर यायचा होता. तिने अर्धं शेत उरकलं, रेडा बंद केला आणि पाय ओढत घराकडे निघाली. वळणावरूनच हॉर्न ऐकू आला. एकदा नाही, सारखा.

अंगणात शेजारपाजारचे जमले होते. धाकटा वर बसला होता, नवरदेव घोडीवर बसावा तसा. सीटवरचा प्लास्टिकचा कागदही त्याने काढला नव्हता. तो एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवत होता आणि पुढची दांडगी चाकं जागच्या जागी इकडून तिकडे मान हलवल्यासारखी वळत होती.

"एक बोट!" तो ओरडला. "वहिनी, बघा! एक बोट!"

थोरली बघत राहिली. तिने हात पुसले आणि पुढे झाली. तिला वाटलं, आता तो उतरेल.

तो उतरला, पण किल्ली काढून. बोटात गरगर फिरवून त्याने ती खिशात टाकली.

"आता तुम्ही आराम करायचा," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "फार केलंत. आता हा मी बघतो."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, दीर असावा तर असा. ट्रॅक्टरबरोबर आलेला फिटर चाकांच्या हवेकडे बघत होता. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. थोरला भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

"खरंच," तो म्हणाला. "बस आता सुखानं."

थोरलीला राग आला तो नेमका त्या आनंदाचा. धाकट्याचं सोडा, त्याला तिने शाळेच्या पिशवीसकट पाहिलेलं. तो सायकल नवी असताना चालवायचा आणि पंक्चर झाली की भावाला द्यायचा. पण हा? रात्र रात्र तिच्या खांद्याला तेल चोळणारा हा माणूस?

"सुखानं बसायचं असतं," ती म्हणाली, "तर तुमची पाठ गेली तेव्हाच बसले असते."

धाकटा हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"नांगर कुठाय याचा?" तिने फिटरला विचारलं.

"परवा येतोय बाई. गाडीत जागा नव्हती. जुना याला बसायचा नाही."

"म्हणजे उद्या काही हा नांगरायचा नाही." तिने सदऱ्याच्या खिशातून रेड्याची किल्ली काढली. दोरीला बांधलेली, झिजून चमचमणारी. ती धाकट्यासमोर धरली. "अर्धं शेत राहिलंय. तू बघतो म्हणालास ना? मग हेही बघ. उद्या उरलेलं याच्यावर संपव. परवा नव्यावर कोण बसणार, ते मी विचारणारसुद्धा नाही."

"अहो वहिनी, काहीतरीच काय—"

"डॉक्टरणीनं मला नको म्हणून सांगितलंय. पेरणी थांबत नाही. बोल."

फिटर खाकरला. एक म्हातारा शेजारी खुदकन हसला आणि तेच नडलं. धाकट्याचे कान लाल झाले.

"त्यात काय मोठंसं?" त्याने किल्ली हिसकावून घेतली. "दुपारच्या आत मोकळा होतो."

त्या संध्याकाळी जेवताना थोरला ताटातलं चिवडत राहिला. शेवटी म्हणाला, "त्याला जमायचं नाही. तुला माहीत आहे."

"मलाही जमत नव्हतं."

"तुझ्या भल्याचंच बोललो मी."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "म्हणून तर लागलं."

सकाळी धाकटा लवकर निघाला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल. थोरली त्याच्या मागोमाग शेतापर्यंत गेली. तो वर चढला तेव्हा ती चाकाशी उभी राहिली.

"एक सांगते. अंगठे आत घालून चाक धरू नकोस. अंगठे बाहेर ठेव, बोटांच्या बाजूला. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं, झटक्यात."

"वहिनी, मी काय आज पहिल्यांदा चालवतोय?"

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली.

पहिली सरळ रेषा त्याने छान काढली. टोकाला गेला आणि वळवायला लागला तेव्हा त्याला कळलं की वळवायला दहा पावलं आधीच सुरुवात करायला हवी होती. रेडा कुंपणात शिरला. मागे घेतला, पुन्हा ओढला, उभा राहिला, लोंबकळला. गॉगल पडला. दुसऱ्या टोकाला तसंच. तिसऱ्या वळणाला त्याने टोपी फेकून दिली. सूर्य वर आला तसा सदरा पाठीला चिकटला आणि नांगराच्या रेषा सापासारख्या व्हायला लागल्या. त्याने एकदाही बांधाकडे बघितलं नाही. थोरलीने ते पाहिलं आणि तिला मनातल्या मनात थोडं बरं वाटलं. बघितलं असतं तर तिला त्याची कीव आली असती. कीव तिला यायला नको होती.

दुपारच्या आधी दगड आला. तिला तो ठाऊक होता. शेताच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ, जमिनीतून दर वर्षी थोडा थोडा वर येणारा. ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "डावीकडे! डावीकडे घे!" इंजिनच्या धडधडीत आवाज पोचला नाही. चाक उसळलं, स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि धाकट्याची किंकाळी मात्र तिला इंजिनावरून ऐकू आली.

ती धावली. खांदा हिसडत होता, तरी धावली. वर चढून तिने इंजिन बंद केलं. धाकटा डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरून पुढेमागे झुलत होता. अंगठा भलत्याच दिशेला वळला होता आणि बघता बघता सुजत होता.

"दाखव."

"नको, नको, हात नको लावू—"

"दाखव म्हणते ना." इतक्या वर्षांत तो तिला पहिल्यांदाच एकेरी बोलला होता आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. तिने डोक्याचं फडकं सोडलं, दातांनी फाडून पट्टी केली आणि अंगठा शेजारच्या बोटाला धरून घट्ट बांधला. हे करताना तिच्या डाव्या हाताचा अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर होता. मधल्या पेरातून वाकडा, नख बाहेरच्या बाजूला झुकलेला. तो बघत राहिला.

"हा... याच दगडावर?"

"याचा आजा असेल. वरच्या अंगाला होता."

"मग दवाखान्यात?"

"संध्याकाळी गेले. शेत संपवून."

तो आपल्या अंगठ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलले होते," थोरली म्हणाली. "तू फोनवर होतास."

तिने गाठ मारली आणि खाली उतरली. तिला वाटलं, आता हा उतरेल, घरी जाईल, दवाखान्यात जाईल आणि अर्ध्याचं अर्धं शेत उरेल. उरू दे. ती तयार होती. पण धाकटा उतरला नाही. त्याने वाकून उरलेल्या जमिनीकडे पाहिलं, नाक ओढलं आणि किल्ली फिरवली.

"अरे, राहू दे," ती म्हणाली.

"कडेला व्हा वहिनी."

त्याने एक हात आणि दुसऱ्या हाताचं मनगट वापरून पुढची वळणं काढली. दर वळणाला तो ओरडत होता. शिव्या देत होता. त्यातल्या बऱ्याचशा थोरलीच्याच होत्या, रेड्यावर बसून बसून शेताला पाठ झालेल्या. शेवटची रेषा संपली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. इंजिन बंद झालं तरी तो वर तसाच बसून होता. खाली उतरायला हात उचलत नव्हते. थोरलीने आपला बरा खांदा त्याच्या बगलेखाली दिला आणि त्याला उतरवलं.

दवाखान्यातून प्लास्टर घालून परत आल्यावर धाकटीने त्याला पाणी दिलं. त्याने उजव्या हाताने पेला धरला. पेला ओठांपर्यंत पोचेना. पाणी मांडीवर सांडलं. धाकटीने पेला घेतला आणि स्वतः त्याच्या तोंडाला लावला. तो लहान मुलासारखा प्यायला. पाजता पाजता तिने मान वळवून थोरलीकडे पाहिलं. काही विचारावं तसं नाही. नुसतं पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

नव्या ट्रॅक्टरची किल्ली त्याने मेजावर ठेवली. कोणाकडे सरकवली नाही, की कोणाचं नाव घेतलं नाही. थोरलीने जेवण संपवलं, हात धुतले आणि ती उचलून खिशात टाकली.

नांगर ठरल्याप्रमाणे आला. फिटरने तो जोडला, चार गोष्टी समजावल्या आणि निघून गेला. वरचं छोटं शेत अजून नांगरायचं होतं. थोरली वर चढली. सीट मऊ होती, त्याचाच तिला आधी राग आला. थोरला काठी टेकत बांधावर आला होता. त्याच्याशेजारी धाकटा, हात गळ्यात अडकवलेला. धाकटी पाण्याची कळशी घेऊन थोडी लांब.

पहिली रेषा नीट गेली. टोकाशी आल्यावर थोरलीचं अंग आपोआप उठलं, पाय रोवला गेला, दात आवळले आणि तिने सवयीने सगळा जोर चाकावर टाकला. ट्रॅक्टर भोवऱ्यासारखा फिरला. ती सीटवरून घसरली, कुंपणाचा एक खांब मोडला आणि ट्रॅक्टर आला त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला.

धाकटा मोठ्याने हसला. त्याला प्लास्टरमधला हात धरून हसावं लागलं. थोरलीलाही हसू आलं असतं. पण तिने ब्रेक दाबला आणि ती तशीच बसून राहिली.

ट्रॅक्टर पुढे जाईना तसा थोरला काठी टेकत तिच्यापर्यंत आला.

"लागलं का?"

तिने मान हलवली. ती आपल्या हातांकडे बघत होती. मग तिने एका हाताचं मधलं बोट चाकाला लावलं आणि फिरवलं. पुढची चाकं वळली. दुसऱ्या बाजूला फिरवलं. वळली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

थोरल्याने काठी मातीत टोचली.

"शेजाऱ्यांकडे हे कधी आलं?"

"झाली बरीच वर्षं."

"तुम्ही बसला होतात त्यांच्या ट्रॅक्टरवर."

"बसलो होतो," थोरला म्हणाला. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, तुझं निभतंय. तू काही म्हणाली नाहीस."

तिला खूप काही म्हणता आलं असतं. ते तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं आणि थोरल्याने खाली बघितलं. पण ती त्याच्याशी बोललीच नाही. सीटवरून उठून, बांधाकडे तोंड करून ती ओरडली, "अगं ए! ती कळशी ठेव खाली आणि इकडे ये."

धाकटीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मागे कोणी आहे का ते पाहिलं.

"मी?"

"दुसरं कोण आहे तिथे? ये."

धाकटी नांगरलेल्या ढेकळांतून अडखळत आली. थोरली चाकाच्या पत्र्यावर सरकून बसली आणि तिने सीटवर थोपटलं. "चढ."

"अहो ताई, मला कुठे येतंय?"

"म्हणून तर चढ."

"तिला कशाला आता?" थोरला पुटपुटला. "तुझ्यासाठी घेतलाय ना हा?"

"माझा खांदा गेला तेव्हा हा आला," थोरली म्हणाली. "तिचं काय जाण्याची वाट बघायची?"

धाकटी चढली. बाह्या वर सारून तिने चाक असं आवळलं की बोटांची पेरं पांढरी झाली. थोरलीने तिची मूठ सैल केली, एक एक बोट. क्लच दाखवला, गियर दाखवला. ट्रॅक्टरने दोन गचके खाल्ले, बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि सरकायला लागला. नांगर खाली उतरला. मागे काळी माती पलटायला लागली, जरा वाकडी, पण पलटायला लागली.

"अहो वहिनी!" बांधावरून धाकटा ओरडला. "ती पाडेल तुम्हाला! उतरवा तिला!"

थोरलीने स्वच्छ ऐकलं. धाकटीनेही ऐकलं असावं, कारण तिचा पाय किंचित वर आला आणि ट्रॅक्टर मंदावला.

"काय म्हणतायत हे?" धाकटीने विचारलं.

थोरलीने बांधाकडे वळून पाहिलं. दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते, एक काठीवर, एक प्लास्टरमध्ये.

"काही नाही," ती म्हणाली. "तू पुढे बघ."

धाकटीने पाय दाबला.